मुका सेवक : जुन्या इटालियन व्हॅले स्टँडचा दोन पावसाळ्यांचा अनुभव

न्यायालयातून घरी आल्यावर अंगातून काढलेला काळा कोट कोठे ठेवायचा, हा प्रश्न वकिली करणाऱ्याच्या घरात रोज सायंकाळी येतो. तो कोट धुवायला टाकावा इतका मळलेला नसतो आणि कपाटात धुतलेल्या कपड्यांशेजारी लावावा इतका स्वच्छही नसतो. शिवाय दुसऱ्या दिवशी सकाळी तोच पुन्हा अंगात चढवायचा असतो. सांगलीच्या गावभागातील आमच्या जुन्या घरात अशा मधल्या अवस्थेतील कपड्यांसाठी दाराआड शिसवी खुंट्या होत्या आणि माजघरात वलणी होती. धोतर, उपरणे आणि सदरा यांना ती सोय पुरेशी होती. शिवलेल्या कोटाला मात्र खुंटी मानवत नाही, कारण सगळे वजन कॉलरखालच्या एका बिंदूवर येते, मानेमागे कापड ताणले जाते आणि काही महिन्यांत तेथे टोक उमटते. दोन कोट असे वाया गेल्यानंतर मी या विषयाकडे गंभीरपणे पाहू लागलो आणि 2023 च्या मे महिन्यात मुंबईतील जुन्या फर्निचरच्या एका व्यापाऱ्याकडून एक जुना इटालियन व्हॅले स्टँड, म्हणजे अंगातून काढलेला पोशाख रात्रभर ठेवण्याचा उभा सांगाडा, 18,000 रुपयांना विकत घेतला. त्याचा दोन पावसाळे रोज वापर केल्यावर हे परीक्षण लिहीत आहे.

वस्तू दिसते कशी, हे आधी सांगतो. साधारण साडेतीन फूट उंचीचा, दीड फूट रुंदीचा, एका हाताने सहज उचलता येणारा हा लाकडी सांगाडा आहे. वरच्या टोकाला कोटाच्या खांद्यांसाठी कोरलेला जाड हँगर, त्याखाली सुटे पैसे, किल्ल्या आणि घड्याळ ठेवण्यासाठी उथळ तबक, त्याखाली पँट घडी करून टाकण्यासाठी पितळी दांडी आणि तळाशी बूट ठेवण्यासाठी दोन आडव्या पट्ट्या अशी त्याची रचना आहे. लाकूड बीच या युरोपीय झाडाचे असून त्याला अक्रोडाच्या लाकडासारखा गडद रंग दिलेला आहे. तळपट्टीच्या खालच्या बाजूस 'फ्रातेल्ली रेग्विट्टी' हे नाव आणि 'इटली' हा शब्द पुसट दिसतो.

हे रेग्विट्टी बंधू उत्तर इटलीतील ब्रेशियाजवळच्या अन्योझीने या गावचे. त्या डोंगराळ भागात दाराच्या मुठी, नळ आणि इतर धातुकाम करणारे कारखाने पूर्वीपासून आहेत, आणि माझ्या स्टँडचे पितळकाम पाहताना ते पटते. दांडीची दोन्ही टोके लाकडात जेथे शिरतात तेथे बसवलेल्या वाट्या इतक्या चपखल आहेत की साठ-पासष्ट वर्षांनंतरही दांडी हलत नाही. 1950 आणि 1960 च्या दशकांत या कारखान्याने अशा प्रकारचे स्टँड मोठ्या संख्येने काढले, त्यामुळे आज बाजारात फिरणाऱ्या इटालियन स्टँडांमध्ये हे नाव वारंवार भेटते.

येथे खरेदीदाराने सावध राहावे अशी एक गोष्ट आहे. रेग्विट्टीचा शिक्का दिसला की विक्रेते बहुधा इको पारिझी यांचे नाव जोडतात आणि किंमत वाढवतात. इको पारिझी (1916–1996) हे पालेर्मोत जन्मलेले आणि कोमो शहरात आयुष्यभर काम केलेले वास्तुविशारद आणि रचनाकार होते. 1948 मध्ये त्यांनी पत्नी लुइझा आयानी यांच्यासह कोमोत 'ला रुओता' नावाचा स्टुडिओ काढला, आणि खुर्च्या, टेबले, दिवे यांपासून संपूर्ण घरांपर्यंत त्यांनी काम केले. व्हॅले स्टँडांच्या बाजारात त्यांच्या नावाला वजन आहे. परंतु कारखान्याचा शिक्का ही उत्पादकाची खूण आहे, त्यावरून रचनाकार ठरत नाही. त्या काळातील मूळ कॅटलॉगचे पान किंवा रेखाचित्र समोर ठेवल्याशिवाय केवळ 'पारिझी शैली' या शब्दांसाठी जादा पैसे देऊ नयेत. माझ्या विक्रेत्यानेही हे नाव घेतले होते. मी त्याच्याकडे कागद मागितला, कागद नव्हता, आणि त्याने सांगितलेल्या 26,000 रुपयांवरून आम्ही 18,000 वर आलो. साक्षीपुराव्याची सवय येथे उपयोगी पडली.

इटालियन भाषेत या वस्तूला 'सर्वोमुतो' म्हणतात, म्हणजे मुका सेवक. (याच नावाने शोध घेतल्यास अकिल्ले कास्तिलिओनी यांचे झानोत्ता कंपनीने काढलेले एक छोटे टेबलही समोर येते, ती वेगळी वस्तू आहे.) नावामागचा अर्थ साधा आहे. पूर्वी धन्याचा कोट झटकून, खांद्यावर धरून उभा राहणारा माणूस श्रीमंतांच्या घरी असे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मिलानमध्ये किंवा तुरिनमध्ये सूट घालून कचेरीत जाणारा मध्यमवर्गीय माणूस छोट्या सदनिकेत राहत होता आणि त्याच्याकडे सेवक नव्हता. सेवकाचे काम लाकडाच्या चौकटीने करावे ही कल्पना त्याच्यासाठी होती.

युद्धानंतरच्या त्या वीस वर्षांत इटलीतील फर्निचरला जे रूप आले, त्याचा ठसा या लहानशा वस्तूवरही आहे. जिओ पोंती यांनी 1928 मध्ये 'दोमुस' हे मासिक सुरू केले होते. 1954 पासून उत्तम रचनेसाठी 'कोम्पास्सो द'ओरो' हा पुरस्कार दिला जाऊ लागला आणि 1961 मध्ये मिलानचे फर्निचर प्रदर्शन सुरू झाले. मिलान आणि कोमो यांच्यामधील ब्रियान्झा भागात सुतारांच्या लहान कार्यशाळा आणि कारखाने दाटीने वसलेले होते, आणि रचनाकार तेथे जाऊन कारागिरांबरोबर बसून काम करीत. या पिढीला हलकेपणाचा ध्यास होता. पोंती यांनी कियावारी गावच्या पारंपरिक हलक्या खुर्चीवरून 1957 मध्ये कासिना कंपनीसाठी 'सुपरलेज्जेरा' खुर्ची सिद्ध केली. तिचे वजन केवळ 1.7 किलो असून तिचे पाय त्रिकोणी छेदाचे आणि जेमतेम 18 मिलिमीटर जाडीचे आहेत. एवढ्या बारीक लाकडाने माणसाचे वजन पेलायचे तर सांधे अचूक लागतात आणि लाकूड चिवट लागते. माझ्या स्टँडचे पाय वरून खाली निमुळते होत जातात आणि जमिनीला टेकतात तेथे करंगळीएवढे राहतात. असे पाय करण्याचे धैर्य याच परंपरेतून आले असावे, असे मला वाटते.

याच काळात डेन्मार्कमध्ये हान्स वेग्नर यांनी 1953 मध्ये केलेली व्हॅले खुर्ची अधिक प्रसिद्ध आहे. तिची पाठ हँगरच्या आकाराची आहे, बैठक उचलली की तिच्या कडेवर पँट टाकता येते आणि बैठकीखाली किरकोळ वस्तूंसाठी पेटी आहे. शिल्प म्हणून ती श्रेष्ठ आहे यात शंका नाही. परंतु ती मोठ्या खोलीत एकटी ठेवण्याची वस्तू आहे, आणि तिची किंमत आपल्याकडील सामान्य व्यावसायिकाच्या आवाक्याबाहेर आहे. इटालियन स्टँड भिंतीला लागून पलंग आणि कपाट यांच्यामधल्या दीड फुटांत उभा राहतो. आमच्या खोलीत तेवढीच जागा होती.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या वस्तूची सगळी किंमत तिच्या हँगरमध्ये आहे. लाँड्रीतून मिळणाऱ्या तारेच्या हँगरची जाडी दोन-तीन मिलिमीटर असते. कोटाचे वजन त्या रेषेवर येते आणि खांद्याच्या टोकाशी बाहेरून फुगवटा दिसू लागतो. कोटाच्या खांद्यात शिंप्याने पॅड आणि कॅनव्हास घालून जो आकार बसवलेला असतो, तो अशा तारेवर बिघडत जातो. या स्टँडचा हँगर टोकाशी जवळजवळ पाच सेंटिमीटर रुंद आहे. शिवाय तो सरळ नाही. माणसाचे खांदे जसे किंचित पुढे वळलेले असतात तसा तो मध्यापासून दोन्ही बाजूंना पुढे आणि खाली वळत जातो. हाताने चाचपून पाहिले तर वरच्या बाजूस कोठेही कड लागत नाही. मानेजवळ लाकूड उभे आणि अरुंद आहे, टोकाकडे ते हळूहळू आडवे आणि पसरट होत जाते. कोट त्यावर ठेवला की तो अंगावर असल्यासारखा बसतो आणि छातीचा भाग मोकळा राहतो. न्यायालयात दिवसभर बसून मागच्या बाजूस पडलेल्या चुण्या सकाळपर्यंत बऱ्याच उतरतात. माझे कोट टेरीवूलचे, म्हणजे पॉलिएस्टर आणि लोकर यांच्या मिश्र कापडाचे आहेत. निव्वळ लोकरीच्या कापडात हा गुण अधिक दिसेल, पण टेरीवूलमध्येही फरक स्पष्ट आहे, आणि इस्त्रीला जाण्याच्या खेपा माझ्या अंदाजाने निम्म्यावर आल्या आहेत.

सांगलीच्या हवेत या वस्तूचा दुसरा उपयोग पहिल्यापेक्षा मोठा ठरला. उन्हाळ्यात कनिष्ठ न्यायालयांत काळ्या कोटाची सक्ती नसते, त्यामुळे कोट पुन्हा रोजच्या वापरात येतो तो नेमका पावसाळा लागल्यावर. घामाने आणि पावसाच्या शिंतोड्यांनी दमट झालेला कोट कपाटात ठेवला की चार दिवसांत कॉलरच्या आत पांढुरकी बुरशी धरते आणि कपाट उघडताच कुबट वास येतो. स्टँडवर कोटाला आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून वारा लागतो. मी रात्रभर पंख्याखाली स्टँड ठेवतो. दोन पावसाळ्यांत एकाही कोटाला बुरशी धरलेली नाही.

वस्तू घरी पोचली ती मात्र मोडलेल्या अवस्थेत. मुंबईहून सांगलीपर्यंतच्या वाहतुकीसाठी 1,400 रुपये मोजले होते. वाहतूकदाराने स्टँडला नुसते पुठ्ठ्याचे आवरण घालून वर इतर सामान रचले आणि हँगर मानेच्या सांध्यातून निखळला. तक्रार केल्यावर 'जुनी वस्तू होती' एवढेच उत्तर मिळाले. जुने फर्निचर मागवणाऱ्यांनी हँगर, दांडी आणि तबक निघत असेल तर वेगळे काढून, प्रत्येक भाग स्वतंत्र गुंडाळून आणि शक्य असल्यास लाकडी फळ्यांच्या चौकटीत बांधून पाठवण्याचा आग्रह धरावा, आणि पैसे देण्यापूर्वी त्या बांधणीचे छायाचित्र मागून घ्यावे.

या मोडतोडीतून एक चांगली गोष्ट घडली. दुरुस्तीच्या निमित्ताने वस्तू आतून पाहता आली. आमच्या ओळखीच्या सुतारमिस्त्रींनी निखळलेला सांधा उजेडात धरला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "सरस आहे साहेब, जुना सरस. ह्यात खिळा मारू नका, खिळा मारला की लाकूड मरतंय." सरस म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेला डिंक. हँगरच्या मध्यातून खाली येणारे कुसू, म्हणजे लाकडाची जीभ, खांबाच्या खाचेत बसलेले होते आणि आडव्या लाकडी खुंटीने पक्के केलेले होते. खाचेत अर्धवट अडकून राहिलेला तुकडा त्यांनी ओढून काढला नाही. गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने त्यांनी तो भाग वीस-पंचवीस मिनिटे शेकला, सरस मऊ झाला आणि तुकडा हाताने निघाला. मग जुना सरस खरवडून, चिरलेले कुसू जोडून, नवी खुंटी ठोकून सांधा पुन्हा सरसानेच चिकटवला आणि दोन दिवस दोरीने आवळून ठेवला. फेव्हिकॉल अधिक घट्ट धरतो हे त्यांनी मान्य केले. पण पुढे कधी सांधा उघडायची वेळ आली तर सरस उष्णतेला आणि पाण्याला वाट देतो, हे कारण त्यांनी सांगितले आणि मला ते पूर्ण पटले.

ज्यांनी 2019 च्या ऑगस्टमधील महापूर पाहिला त्यांना हे कारण वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांपलीकडे गेली होती आणि गावभागातील घरांत कित्येक दिवस पाणी होते. पाणी उतरल्यावर प्लायवूडची आणि दाबलेल्या भुश्श्याच्या बोर्डांची कपाटे फुगून, पापुद्रे सुटून रस्त्यावर ढिगाने पडली. आमच्या घरातील सागवानी घडवंचीचे सांधे त्याच पाण्यात सुटले होते, परंतु तिचे चारही पाय आणि फळ्या शाबूत होत्या. त्या सावलीत वाळवून पुन्हा जोडल्या आणि आज तिच्यावर गाद्या रचलेल्या आहेत. फर्निचर विकत घेताना ते उघडून पुन्हा जोडता येईल का, हा प्रश्न मी तेव्हापासून विचारू लागलो. हा इटालियन स्टँड त्या परीक्षेत उतरतो. मात्र ओलाव्यापुढे बीचचे लाकूड सागासारखे टिकणार नाही. युरोपात बीच विपुल आहे, ते चिवट आहे आणि वाफेवर सुंदर वाकते. पण ओलाव्याने ते पुष्कळ फुगते-आकसते, आणि वाळवी व बुरशी यांच्यापुढे त्याचा टिकाव लागत नाही. म्हणून स्टँडचे पाय ओल्या फरशीवर टेकू नयेत, आणि जुन्या मातीच्या भिंतीला तो चिकटवून ठेवू नये. मी चारही टोकांखाली रबराच्या चकत्या लावल्या आहेत.

पॉलिशच्या बाबतीत घाई केली असती तर ही वस्तू बिघडली असती. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत वाद्यांना पॉलिश करणाऱ्या एका वयस्क कारागिरांकडे मी स्टँड नेला. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तुनीचे लाकूड, पंढरपूर परिसरातील भोपळे आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे पॉलिश यांवर या गल्लीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हात बसलेला आहे, आणि लाकडाच्या पृष्ठभागाबद्दल माझ्या जिल्ह्यात यांच्यापेक्षा अधिक जाणणारे कोणी मला माहीत नाही. जुलै महिना होता. चाचांनी स्टँड उलटा केला, तळपट्टीच्या आतल्या बाजूस स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाचा बोळा टेकवला आणि थोडा वेळ धरला. लाखेचे पॉलिश असते तर ते चिकट झाले असते. ते झाले नाही. "हे कारखान्याचं लॅकर आहे वकीलसाहेब, हे खरवडायचं नाही. जिथं उडालंय तिथंच भरू. आणि पावसात हात लावायचा नाही बघा, चपडा पांढरा पडतोय. दसरा जाऊ द्या." दमट हवेत लाखेचे पॉलिश करताना हवेतील पाणी त्यात अडकून पृष्ठभागावर दुधाळ डाग येतात, हे मी नंतर समजून घेतले. मी दसऱ्यापर्यंत थांबलो. नोव्हेंबरमध्ये त्यांनी फक्त हँगरची टोके आणि तबकाची कड, म्हणजे हाताच्या वापराने लाकूड उघडे पडलेला भाग, रंग जुळवून पातळ पातळ थरांनी भरला. किती थर दिले हे त्यांनाही सांगता आले नाही. कापडाच्या गोळीने गोल गोल हात फिरवत ते काम तीन दिवस चालले. आता नवे कोठे संपते आणि जुने कोठे सुरू होते, हे मला दिवसाच्या उजेडातही ओळखता येत नाही. सुतारकाम आणि पॉलिश मिळून 3,200 रुपये झाले, म्हणजे स्टँड मला एकूण 22,600 रुपयांना पडला.

वस्तूत दोष आहेत आणि ते सांगितलेच पाहिजेत. सर्वांत गंभीर दोष पितळी दांडीचा आहे. दांडी भरीव पितळेची आहे. लोहचुंबक लावून पाहिले, तो चिकटत नाही, म्हणजे लोखंडावर चढवलेला मुलामा नव्हे. परंतु तिच्यावरचा संरक्षक लेप काळाच्या ओघात गेला आहे. पहिल्याच पावसाळ्यात दांडीवर हिरवट झाक आली आणि पत्नीने त्यावर घडी करून टाकलेल्या फिकट रंगाच्या रेशमी साडीला बोटभर लांबीचा हिरवा डाग पडला. तो डाग आजही पूर्ण गेलेला नाही, आणि मला त्याचे वाईट वाटते. उपाय असा की दांडी वाट्यांतून काढून घ्यावी, चिंचेच्या कोळाने घासून स्वच्छ धुवावी, उन्हात कोरडी करावी आणि मेणाचा पातळ थर चोळून मगच बसवावी. दांडी जागेवर ठेवून चिंच लावू नये, कारण ते पाणी लाकडात उतरते. पावसाळ्यात मी हे दर महिन्याला करतो. फिकट आणि रेशमी कपड्यांसाठी दांडीवर सुती पट्टी गुंडाळतो.

बुटांच्या पट्ट्या आपल्या घरांत निरुपयोगी आहेत. बूट उंबरठ्याबाहेर किंवा ओसरीवर राहतात, ते झोपायच्या खोलीत कोणी आणत नाही. मी त्या पट्ट्यांवर ब्रीफांची, म्हणजे खटल्यांच्या कागदांची, पिशवी ठेवू लागलो आणि त्यातून एक अनपेक्षित लाभ झाला. तिच्या वजनाने स्टँडचा तोल सुधारला. रिकाम्या तळाच्या स्टँडवर कोट, गाऊन आणि ओला रेनकोट असे तिन्ही एकदम टाकले तर तो पुढे झुकतो. दोनदा तो पडताना वाचला. त्यावर एका वेळी एकच पोशाख ठेवावा, त्यासाठीच तो केला आहे.

तबकातील मूळ अस्तर झिजून गेले होते. मिरजेतच वाद्यांच्या दुकानातून फेल्टचा तुकडा आणून बसवला. आता किल्ल्यांचा आवाज येत नाही आणि गळ्यातील पांढरे बँड तेथे घडी न मोडता राहतात.

मूळ वस्तूच घ्यावी की येथे तशी करून घ्यावी, असे मला अनेक सहकाऱ्यांनी विचारले. मी दोन्ही केले आहे. आमच्या मिस्त्रींनी माझ्या मुलीसाठी, तीही वकिली करते, याच मापांवर सागवानी स्टँड केला. लाकूड पाडलेल्या वाड्यातील तुळईचे, म्हणजे पूर्ण मुरलेले होते. खर्च 9,500 रुपये आला. मूळ हँगर वक्र आहे, आणि साग बीचसारखा सहज वाकत नाही. रुंद फळीतून वक्र आकार कापून काढला तर टोकाशी लाकडाचे रेषे आखूड पडतात आणि तेथे तो तुटतो. मिस्त्रींनी म्हणून हँगर तीन तुकड्यांत केला, प्रत्येक तुकड्याचे रेषे वळणाच्या दिशेने ठेवले आणि सांधे तिरके घेतले. पाय मूळ स्टँडपेक्षा त्यांनी जाड ठेवले आहेत. त्यामुळे डौल थोडा उणावला आणि स्थैर्य वाढले. दांडी पितळेऐवजी सागाचीच केली, त्यामुळे हिरव्या डागाची भीती उरली नाही. रोजच्या वापरासाठी, आणि पुराचे पाणी ज्या भागात शिरते त्या भागातील घरासाठी, मी या सागवानी स्टँडची शिफारस करीन.

तरीही माझ्या खोलीत मी मूळ स्टँडच ठेवला आहे. कोट उतरवल्यावर खांद्याखाली त्या हँगरचे वळण हाताला लागते तेव्हा ज्याने ते कोरले त्याने माणसाचा खांदा किती बारकाईने पाहिला असेल हे जाणवते, आणि मिस्त्रींनी दोन दिवस तो हँगर समोर ठेवून, पुठ्ठ्याचे साचे कापून पाहिल्यानंतरही 'नव्वद टक्के आलाय' असेच म्हटले. त्या उरलेल्या दहा टक्क्यांसाठी दुप्पट पैसे देण्याची ज्याची तयारी असेल त्याने मूळ वस्तू जरूर घ्यावी. मात्र घेताना हँगर दोन्ही हातांनी धरून हलवून पाहावा, सांध्यात खिळा किंवा स्क्रू ठोकलेला दिसला तर सोडून द्यावा, पायांच्या टोकांशी किडीची बारीक भोके आणि त्यांखाली पडलेला पिठासारखा भुसा शोधावा, आणि चकाकी पाहून भुलू नये, कारण अलीकडे अशा स्टँडांवर जाड पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचा थर देऊन जुने दोष झाकलेले असतात.

ज्यांना येथेच करून घ्यायचा असेल त्यांच्यासाठी मापे देतो : उंची 108 सेंटिमीटर, हँगरची रुंदी 44, हँगरच्या टोकांची जाडी 5, तबक जमिनीपासून 88 वर आणि पँटची दांडी 80 वर, तळाची खोली 32 सेंटिमीटर. यांतील हँगरची रुंदी तशीच उचलू नये. शिंप्याकडून आपल्या कोटाच्या एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचे माप घ्यावे आणि त्यातून दोन सेंटिमीटर वजा करून ते सुतारास द्यावे. मुलीच्या स्टँडचा हँगर आम्ही 38 चा ठेवला आहे.